सोमवारची शर्यत

सोमवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत डॉ. रामटेके यांना रविवारच्या शर्यतीचा निकाल सांगायचा नाही, असा कुरखेड्यात एक अलिखित नियम होता. नियम सगळे पाळत. पाळायला सोपाही होता, कारण रविवारी जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात मोटारगाड्यांची शर्यत झाली, ती कोणी जिंकली, मुळात ती होती, हे तालुक्यात दुसऱ्या कोणालाच माहीत नसे. तरी डॉक्टर दवाखान्यात जाताना पंचायत समितीसमोरच्या गजूच्या टपरीवर थांबत आणि चहाचा पहिला घोट घेण्याआधी म्हणत, "आज कोणी काही बोलाचं नाई हं."

"नाई बोलत, डाक्टर," गजू म्हणे. मग कढईतली भजी उलटत, मान वर न करता, "सांगू का पण? एकच नाव सांगतो."

डॉक्टर दोन्ही कानांवर हात ठेवत. बाकावरची मंडळी हसत. गजूला एकाही ड्रायव्हरचं नाव ठाऊक नव्हतं. धानाच्या गिरणीवर येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांची नावं त्याला ठाऊक होती आणि वेळ आलीच असती तर त्यातलंच एखादं त्याने सांगितलं असतं.

मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायला आलो तेव्हा मला डॉक्टरांच्या शेजारची खोली भाड्याने मिळाली. घरमालक एक, अंगण एक आणि मधली भिंत एका विटेची. अशा भिंतीतून माणसाची जी माहिती मिळते ती त्याच्या सत्काराच्या भाषणात कधी येत नाही. डॉक्टर झोपेत बोलत नसत, आंघोळीत गात नसत आणि आठवड्यातले सहा दिवस त्यांच्या खोलीतून भांड्यांशिवाय कशाचाही आवाज येत नसे. सोमवारी संध्याकाळी सात वाजता मात्र त्या भिंतीला कंठ फुटे.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. सरकारी कागदावर पशुधन विकास अधिकारी, लोकांच्या तोंडी ढोराचे डाक्टर. पन्नाशी ओलांडलेले, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आभाळाकडे बघत उभं राहण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्याची मान जशी होईल तशी मान. पत्नी नागपूरला शाळेत शिक्षिका, मुलगी बंगळूरला नोकरीला. महिन्यातून एकदा शनिवारी ते नागपूरला जात आणि रविवारी परत येत. घरात भांडण नव्हतं. भांडायला लागतं तेवढं बोलणंही उरलं नव्हतं, इतकंच.

आता या माणसाला फॉर्म्युला वनचं वेड कुठून लागावं? माझं स्वतःचं त्या खेळाबद्दलचं मत फार आदराचं नाही. विसेक तरुण अफाट खर्चाच्या गाड्यांत बसून गोल गोल फिरतात, निघाले तिथेच परत येतात, आणि त्यातले तिघे एका ओट्यावर चढून एकमेकांवर उंची दारूचे फवारे मारतात. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांना अजिबात राग आला नाही.

"तो दारूचा भाग मी पाहातच नाई, सर," ते म्हणाले. "आपला जिल्हा दारूबंदीचा. उगाच पंचनामा करा लागन."

त्यांची मतं मला अंगणात ऐकायला मिळत. संध्याकाळी दवाखान्यातून आले की ते नळावर बसून खांद्यापर्यंत साबण लावून हात धूत आणि बोलत. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसलेला असे. पुस्तक मिटायचं नाही, बोट पानात ठेवून ऐकायचं, अशी आमची पद्धत ठरून गेली होती.

"पहिल्या तिघांकडे पाहू नका, सर. त्यायले पाहायले सारी दुनिया बसली आहे. दहाव्याले एक पॉइंट भेटते. अकराव्याले काहीच नाई. तोही तितकाच घामाघूम झालेला राह्यते. मी अकरावा पाहातो."

आणि खरोखरच ते अकरावा पाहत. एखादा ड्रायव्हर दोनतीन शर्यतींत लागोपाठ अकरावा आला की त्याच्यावर त्यांचा जीव जडे. तो पुढे कधी पाचवासहावा आला की ते त्याचं अभिनंदन करून त्याला मनातून काढून टाकत. समुद्राकाठच्या शहरातल्या गल्लीबोळांत होणाऱ्या त्या फार प्रतिष्ठेच्या शर्यतीला ते वरात म्हणत. कोणी कोणाच्या पुढे जात नाही, फक्त कपडे पाहायचे. पाऊस पडला तर त्यांना आनंद होई, कारण पावसात श्रीमंताची गाडीही घसरते. जिंकल्यावर प्रायोजक, इंजिनिअर, आईवडील आणि चाहते या क्रमाने आभार मानणाऱ्या ड्रायव्हरांना ते आपल्या जिल्हा परिषदेत निवडून आणायला तयार होते. चोवीस तास चालणारी एक शर्यत असते, तिच्याबद्दल मात्र ते थट्टा करत नसत.

"तिथं तिघं मिळून एक गाडी चालवतात, सर. एक झोपते तवा दुसरा चालवते. उठल्यावर त्याले दुसरा सांगते, इथी घसरते, तिथी सांभाळ." हात धुवायचे थांबून ते म्हणत, "तसं असलं पाहिजे."

तसा त्यांचा एकच माणूस होता. त्याचं नाव खोब्रागडे. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात दोघे एका खोलीत होते. तिथल्या टीव्हीवर एका रविवारी क्रिकेटचा सामना पावसाने थांबला आणि कोणीतरी चॅनल बदलत असताना मोटारींची शर्यत लागली. बाकीची पोरं उठून गेली, हे दोघे बसून राहिले. डॉक्टरांच्या या वेडाचा इतिहास एवढाच. मी इतिहासाचा मास्तर आहे. मोठ्या गोष्टींची कारणं बहुतेक वेळा अशीच हलकी निघतात.

पुढे खोब्रागडे आखातातल्या एका मोठ्या डेअरीवर नोकरीला गेले. तिथे रविवारी त्यांची ड्युटी असे आणि सुट्टी सोमवारी. तेव्हा दोघांनी ठरवलं की रविवारी कोणीच पाहायचं नाही, निकाल कळू द्यायचा नाही, आणि सोमवारी सातला आपापल्या टीव्हीवर मागची शर्यत लावून फोनवर एकत्र पाहायची. "तीन, दोन, एक, दाब बे," हे मी भिंतीतून इतक्यांदा ऐकलं आहे की मलाही बोट हलवावंसं वाटे.

दुसऱ्याआधी पाहायचं नाही, हा करार डॉक्टरांनी ज्या कडकपणे पाळला तसे करार राष्ट्रांनी पाळले असते तर माझा विषय निम्मा झाला असता. रविवारी दुपारपासून ते मोबाइलचं इंटरनेट बंद करत. वर्तमानपत्र आमच्याकडे दोघांत एक येई. त्याचं खेळाचं पान मी सोमवारी काढून ठेवायचं आणि बाकीचं त्यांना द्यायचं. त्या पानावर क्रिकेटशिवाय कधी काही नसे. तरी मी काढून ठेवत होतो.

एका सोमवारी हा करार मोडता मोडता राहिला. कर्जमेळाव्यासाठी पुण्याहून बँकेचा एक तरुण साहेब आला होता. गजूच्या टपरीवर डॉक्टरांच्या गाडीच्या काचेवर त्याला शर्यतीच्या गाडीचं एक जुनं स्टिकर दिसलं आणि त्याचा चेहरा फुलला. अरण्यात त्याला माणूस भेटला होता.

"अरे वा, सर तुम्ही फॉलो करता? मग काल शेवटच्या लॅपला काय झालं ते..."

"ओ साहेब!" गजू झारा उगारून ओरडला. "चूप राहा! डाक्टरले सांगाचं नाई!"

बाकावरचे दोन म्हातारे उठून उभे राहिले. एकाने साहेबाचा दंड धरला. पंचायत समितीचा शिपाई धावत आला आणि काय झालं हे न विचारताच म्हणाला, "सांगू नका ना भाऊ!" डॉक्टर तोवर लसीचा डबा छातीशी धरून दवाखान्याकडे जवळजवळ पळत निघाले होते. साहेबाला वाटलं, डॉक्टरांच्या घरी काहीतरी वाईट झालं आहे आणि ते त्यांना हळूहळू कळवायचं ठरलं आहे. त्याने गजूला हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"तेच तर मालूम नाई ना आमाले," गजू म्हणाला.

गावाने त्यांना असं जपलं, पण गावाला त्यांच्याशी त्याबद्दल बोलता येत नव्हतं. प्रयत्न झाले. जंगलातल्या एका पाड्यावर मडावी नावाच्या म्हाताऱ्याची गाय अडली होती, तेव्हा मी डॉक्टरांबरोबर गेलो होतो. वासरू बाहेर आल्यावर सगळे मोकळे होऊन बसले आणि डॉक्टरांनी मोबाइलवर त्याला शर्यतीचा एक तुकडा दाखवला. म्हाताऱ्याने शांतपणे तो पाहिला.

"याले जाचं कुठी असते?"

"कुठीच नाई, भाऊ. फिरून तिथंच येते."

"मंग एवढी घाई काऊन?"

"तुमचा बैल पटात धावते, तो कुठी जाते?" डॉक्टरांनी विचारलं.

म्हातारा हसला. "माह्या बैलाले धावल्यावर सरकीची ढेप भेटते."

"यायलेबी भेटते," डॉक्टर म्हणाले आणि मोबाइल खिशात टाकला. परत येताना मी म्हटलं, बरोबरीत सुटला सामना. ते म्हणाले, "बरोबरीत सुटला, पण पुढं कोणी खेळाले नाई ना."

पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. बंदी उठल्यावर आमच्या भागात पट पुन्हा भरू लागले आणि जोड्या तपासून त्या धावायला योग्य आहेत की नाहीत हे सांगायचं सरकारी काम डॉक्टरांकडे आलं. धानाची कापणी झालेल्या बांध्या सपाट करून पट्टा केलेला असतो, दोन्ही बाजूंनी माणसं, आणि एका टोकाला मंडप. एका पटाला उद्घाटनासाठी नेते आले होते. फेटे झाले, शाल झाली, नारळ झाला, आणि मग भाषण सुरू झालं. शेतकरी, संस्कृती, बैल आणि स्वतः वक्ता यांच्या नात्यावर ते बराच वेळ चाललं. जोड्या उन्हात उभ्या होत्या. धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारे, कासरे धरून तसेच. डॉक्टर मंडपात गेले, नेत्यांना अदबीने नमस्कार केला आणि सूत्रसंचालकाच्या हातून माइक घेतला.

"सर्व जोडीमालकांना कळवण्यात येते की उन्हात उभे राहून बैलांचे श्वास वाढून राह्यले आहेत. भाषण संपल्यावर मी पुन्हा तपासीन. श्वास वाढलेल्या जोडीला धावता येणार नाही. धन्यवाद."

मैदानातून असा काही आवाज उठला की नेत्यांनी पुढच्याच वाक्याला जय महाराष्ट्र केलं. मंडपातले लोक डॉक्टरांवर चिडले होते. डॉक्टर मात्र पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला जाऊन उभे राहिले. कोणती जोडी जिंकली हे त्यांनी पाहिलं नाही. धावून आलेल्या बैलांच्या फऱ्यावर हात ठेवून ते उभे राहत. दुसऱ्या आलेल्या जोडीचा मालक त्यांना पट्टा कसा डावीकडे उतरता होता हे सांगत होता. रात्री ते मला म्हणाले, "दुसरा येणारा साऱ्या जगात सारखाच राह्यते, सर. त्याच्यापाशी कारण तयार असते." आणि मग, "हे खोब्याले सांगा लागन सोमवारी."

त्यांच्या बोलण्यात हे वाक्य फार येई. आठवडाभर जे दिसे, सुचे, हसू येई, ते सगळं सोमवारसाठी राखून ठेवलेलं. आम्हाला मिळे ती उष्टावळ.

सोमवारी भिंतीपलीकडून ऐकू येई ते असं. "थांब बे, माझं फिरून राह्यलं." आमच्याकडचं नेटवर्क म्हणजे देवाची मर्जी, चित्र मधेच अडकून गोल फिरत बसे. फोनमधून खोब्रागड्यांचा भरदार आवाज, "अरे बाप! काय गेला बे!" आणि दोनचार क्षणांनी डॉक्टरांचा, "हो! गेला!" मग डॉक्टरांच्या शिव्या, नेटवर्कला. त्यांचं चित्र नेहमी मागे असे. खोब्रागडे नेहमी आधी ओरडत. दीड तास हे चाले, मग फोन बंद होई आणि भांड्यांचा आवाज सुरू होई.

मग हैदराबादला तलावाकाठच्या रस्त्यावर विजेवरच्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत व्हायची होती. खोब्रागडे त्याच सुमारास सुट्टीवर येणार होते. त्यांनी तिकिटं काढली. डॉक्टरांनी रजा टाकली, नवे बूट घेतले, चारोळी आणि मध बांधून घेतला आणि मला म्हणाले, "चला ना सर. एकट्यानं गाडी चालवत जाचं म्हणजे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. वसतिगृह सोडल्यापासून ते दोघे लग्नकार्यात दोनतीनदा भेटले होते, तेही जेवणाच्या रांगेत. त्यानंतर एका जागी बसून शर्यत अशी पाहिलीच नव्हती.

शर्यतींचा एवढा भक्त स्वतः गाडी कशी चालवत असेल, याचं मला कुतूहल होतं. गडचिरोली, चामोर्शी, गोंडपिपरी करत आम्ही बल्लारपूरला लागेपर्यंत सायकलींनी आम्हाला मागे टाकलं नाही एवढंच.

"या रोडवरचे सारे ढोरं माझे पेशंट आहेत," ते म्हणाले. तालुका मागे पडल्यावर मी त्यांना ती सबब संपल्याचं सांगितलं. "दुसऱ्या डॉक्टरचे पेशंट आहेत ना मग," ते म्हणाले आणि वेग तोच ठेवला. वाटेत ते खूप बोलले. खोब्याला काय काय सांगायचं आहे ते सगळं त्यांनी मला आधी सांगून पाहिलं.

हैदराबादला तामझाम विचारू नका. पताका, पडदे, मंत्री, सिनेमातले लोक आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं. ओळखपत्राची दोरी जितकी रुंद तितकं काम कमी, असं माझं निरीक्षण. गाड्या सुटल्या तेव्हा लोकांची थोडी फसगत झाली. गर्जनेची अपेक्षा होती, आणि मिक्सरमध्ये चटणी वाटावी तसा आवाज करत त्या निघून गेल्या. माझ्यापुढच्या एका गृहस्थाने मागे वळून विचारलं, "सुरू झाली का?"

खोब्रागडे गोल, हसतमुख, डोक्यावर नवी टोपी. "बे रामट्या!" म्हणून त्यांनी डॉक्टरांना असं कवटाळलं की चारोळीची पिशवी फाटली. दोघे खाली वाकून, हसत, दाणे वेचत होते. मी डॉक्टरांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. खोब्रागड्यांच्या पत्नी सुनंदाबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या, त्यांच्या पलीकडे डॉक्टर. शर्यत मध्यावर आली तेव्हा खोब्रागडे खायला काही आणतो म्हणून उठले.

सुनंदाबाई कौतुकाने त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा लय जीव आहे बा यांच्यावर, आन यांचाबी तुमच्यावर. आता तर रविवारची ड्युटी राह्यली नाई यांची, किती वर्षं झाले. रविवारी डेअरीच्या हॉलमधी सारे मिळून पाहातात. तरी सोमवारी तुमच्यासंगं पुन्हा बसतातच. मी म्हनते, पाहिलेलीच काय पाहाता? तर म्हनतात, रामट्यासाठी."

त्यांना वाटलं होतं, डॉक्टरांना हे ठाऊक आहे.

"हो ना," डॉक्टर म्हणाले. जराही न थांबता म्हणाले. "मी म्हणतो त्याले, नको बसत जाऊ. ऐकत नाई."

खोब्रागडे सामोसे घेऊन आले. उरलेली शर्यत डॉक्टरांनी पाहिली नाही. समोर दोन गाड्या एका वळणावर एकमेकींना घासून गेल्या, सारा स्टँड उभा राहिला, खोब्रागडे टोपी हातात धरून ओरडले, आणि डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. एखाद्या जनावराला कुठे दुखतं आहे हे पाहावं तसं, बारकाईने. निरोप घेताना त्यांनी मित्राला पुन्हा मिठी मारली. "सोमवारी," खोब्रागडे म्हणाले. "सीझन सुरू झाला की." "सोमवारी," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या वाटेवर आसिफाबादपर्यंत डॉक्टरांनी एकदाही गाडी थांबवली नाही. मग समोर बघतच म्हणाले, "खरा ओरडते तवा त्याचा आवाज बारीक होते, सर. आज ऐकला. सोमवारी जाडा राह्यते."

त्यांनी गाडी आणखी हळू केली.

"आन मी नेटवर्कले शिव्या देत होतो."

एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याची धूळ आत आली, तरी त्यांनी काच वर केली नाही. "चांगला नट आहे. झाडीपट्टीच्या नाटकात घेतला असता कोणी." ते थोडं हसले, पण ते हसू टिकलं नाही.

मी म्हटलं, "डॉक्टर, पाहिलेली शर्यत दर आठवड्याला पुन्हा दीड तास पाहणं, ही काय साधी मैत्री आहे?"

"नाई ना साधी. म्हणून तर भांडता येत नाई." एक वळण घेऊन ते म्हणाले, "मी समजत होतो, साऱ्या जगाले मालूम आहे आन आमा दोघालेच नाई. तसं वाटाचं ना सोमवारी. एका खोलीत बसल्यासारखं. आता कळलं, खोलीत मी एकटाच होतो." आणि मग, आवाज न बदलता, "सोमवारी सातले मी आता काय करू, सर? ते सांगा."

 

पुढचे काही आठवडे शर्यती नव्हत्या. डॉक्टर लाळ्याखुरकतच्या लसीकरणाला गावोगाव फिरत होते. नळावर हात धूत, पण बोलत कमी. हंगाम सुरू व्हायच्या रविवारी दुपारी त्यांनी माझं दार वाजवलं. हातात स्वतःची खुर्ची होती.

"सर, तुमच्या टीव्हीवर दिसते का आजची?"

"आजची? आज?"

"आजच."

आम्ही पाहिली. मी त्यांना टीव्हीवर शर्यत पाहताना प्रथमच पाहत होतो. ते ओरडले नाहीत, हलले नाहीत, अकरावा कोण हेही त्यांनी विचारलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून, डोळे बारीक करून, शाळेत पाठांतर करणाऱ्या मुलासारखे ओठ हलवत ते पाहत राहिले. एका जागी कोणी तरी कोणाला तरी आतून ओलांडलं. तेव्हा ते पुटपुटले, "इथी. मोठ्यानं." मला तेव्हा अर्थ लागला नाही. संपल्यावर ते खुर्ची उचलून निघाले.

मी विचारलं, "मग उद्या खोब्रागड्यांना सांगणार का, की तुम्हाला सगळं कळलं म्हणून?"

दारात ते थांबले. "इतके वर्षं एकट्यानं नाटक केलं त्यानं, सर. एकट्याले जड जाते ना."

दुसऱ्या दिवशी उकाडा होता. सात वाजून गेले होते. भिंतीतून ते नेहमीचं मोजणं आलं, मग खोब्रागड्यांचा भरदार आवाज, मग डॉक्टरांचा. मला राहवलं नाही. वर्तमानपत्र द्यायच्या निमित्ताने मी अंगणातून त्यांच्या दाराशी गेलो. दार उघडं होतं. आत दिवा लावला नव्हता, फक्त टीव्हीचा उजेड. डॉक्टर खाटेवर बसले होते, फोन मांडीवर. त्यांचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. ते फोनकडे पाहत होते.

"आता पाहा, आता पाहा..." फोनमधून आवाज आला. "अरे बाप! गेला बे!"

या खेपेला चित्र कुठे अडकलं नव्हतं. तरी डॉक्टर थांबले. नेहमी जेवढे मागे राहत तेवढे थांबले, आणि मग ओरडले, "कसा गेला बे! कसा गेला!" गळ्यातून निघाला तो आवाज जाड, भरदार होता.

तेव्हा त्यांना मी दारात दिसलो. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"कोन आलं रे?" खोब्रागड्यांनी विचारलं.

"कोणी नाई," डॉक्टर म्हणाले. "तू पाहा."